भाता कोण मारणार

चर्च बघायला म्हणून आप्पांना डेट्रॉइटला घेऊन जाते, असं मी घरात सांगितलं, ते साफ खोटं होतं. चर्चचं मला काय पडलं होतं! आणि आप्पांना तर खुर्चीतून उठून खिडकीपर्यंत जायचीही इच्छा उरली नव्हती. मला त्यांना ऑर्गन ऐकवायचा होता. पण तसं सांगितलं असतं तर ते गाडीतच बसले नसते, म्हणून चर्चचं नाव पुढं केलं.

आप्पा म्हणजे माझे वडील. सांगलीच्या नगरपालिकेत त्यांनी आयुष्यभर नोकरी केली, पण गावात त्यांना नगरपालिकेतले म्हणून कुणी ओळखत नाही. ऑर्गनवाले म्हणून ओळखतात. संगीत नाटकाला साथ करतात तो ऑर्गन, पायपेटी म्हणतात तो. एक बसकं लाकडी कपाट, समोर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या, खाली पायाशी दोन फळ्या. त्या फळ्यांवर दोन्ही पाय ठेवून आळीपाळीनं भाता मारत राहायचं, तरच वर बोटाखाली सूर बोलणार. पाय थांबला की सूर मेला. आमच्या घरातला ऑर्गन एका बंद पडलेल्या नाटक कंपनीकडून आलेला, आणि त्याच्यावर अमेरिकेतल्या कुठल्याशा गावाचं नाव कोरलेलं. लहानपणी मला वाटायचं, अमेरिकेत गल्लोगल्ली संगीत नाटकं चालत असणार.

मागल्या वर्षी आप्पांना पक्षाघाताचा झटका आला. वाचा वाचली, हात वाचले, डावा पाय गेला. गेला म्हणजे आहे जागेवर, काठी घेऊन चालतातही, पण त्यात जोर म्हणून नाही. मी सुट्टी टाकून धावले. दवाखान्यातून घरी आल्यावर पहिलं काम काय केलं असेल, तर माझा हात झटकून ऑर्गनवर जाऊन बसले. एकट्या उजव्या पायानं भाता मारून बघितला. सूर निघाला, पण मेंढरू ओरडावं तसा, थरथरत, मध्येच दम तुटत. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मग झाकण लावलं, वर चादर टाकली आणि म्हणाले, “झालं माझं.”

आई आधीच गेलेली, मी एकुलती एक. एकटं ठेवणार कसं? घेऊन आले अमेरिकेत, डेट्रॉइटजवळच्या नोव्हायला. इथं मी गाड्यांच्या एअर कंडिशनिंगचं डिझाइन करते, नवरा सॉफ्टवेअरमध्ये, मुलगी लांबच्या कॉलेजात. आप्पांना तळमजल्यावरची स्टडी रिकामी करून दिली. तिथं खुर्ची टाकून ते जे बसले ते बसलेच. टीव्ही नको, पेपर नको, इथल्या मराठी मंडळातले काका-काकू भेटायला आले की “बरंय” एवढंच. जेवण चिमणीएवढं. फिजिओथेरपीची अपॉइंटमेंट तर इतक्यांदा कॅन्सल केली की तिथल्या बाईनं फोन उचलल्या उचलल्या “टुमॉरो?” म्हणायला सुरुवात केली. मुलगी फोनवर म्हणाली, “आई, ही इज जस्ट सॅड.” अगं बाई, मला काय डोळे नाहीत? पण नुसतं सॅड असतं तर मी एवढी घाबरले नसते. माणूस पाय गेल्यानं मरत नाही. हा माणूस ‘झालं माझं’ ह्या दोन शब्दांनी जाणार होता, आणि मी भात वाढत वाढत बघत बसणार होते.

कीबोर्ड आणून बघितला. चांगला, भारीतला, पाय न लावता वाजणारा. आप्पांनी एक पट्टी दाबली, कान लावून ऐकली, आणि बोट काढून घेतलं. “वाजतंय,” म्हणाले, “पण ह्याच्यात वारा कुठाय?” मी वैतागले. म्हटलं, “आप्पा, वारा घेऊन काय करायचंय, सूर बरोबर आहे ना?” त्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी विचारलं, आमटीत डाळ कशाला लागते.

मग मला आठवलं. लहानपणी त्यांनी मला सांगितलं होतं, आपल्या ऑर्गनचा थोरला भाऊ चर्चमध्ये असतो, घराएवढा, आणि त्याला म्हणे भाता मारावा लागत नाही. झालं! इंजिनिअरचं डोकं ते. अडचण काय, पाय. उपाय काय, बिनपायाचा ऑर्गन. वारा पण खराखुरा. मी इंटरनेटवर शोधलं, तर डेट्रॉइटमधलं एक जुनं मोठं चर्च शनिवारी बघायला उघडं असतं, आणि ऑर्गनही वाजवून दाखवतात. फोन केला. म्हटलं, “माझे वडील भारतात ऑर्गन वाजवायचे, त्यांना जवळून बघता येईल का?” पलीकडची बाई इतकी खूश झाली, की मला वाटलं हिची माझी शाळेपासून ओळख असावी.

एप्रिलचा शनिवार होता. रस्त्याच्या कडेला बर्फाची काळी ढेकळं अजून वितळायची होती. आप्पांनी स्वेटर, कोट, मफलर, वर कानटोपी असा सगळा सरंजाम चढवला.

“कुठं चाललोय?”

“चर्च बघायला.”

“कशाला? आपण कुठं ख्रिश्चन आहोत?”

“गोलघुमट बघायला गेलो तेव्हा आपण कुठं मुसलमान होतो?”

त्यावर त्यांनी मफलर वर ओढून घेतला. त्याच्या आत किंचित हसले असावेत, अशी मी माझी समजूत करून घेतली.

चर्चचा भाग असा, की आधी मला वाटलं जीपीएसनं घात केला. दोन्हीकडे मोकळे प्लॉट, वाळलेलं गवत, मध्येच एखादं लाकडी घर तग धरून उभं, बाकी शांतता. आणि त्या सगळ्याच्या मधोमध, आभाळात घुसलेले विटांचे दोन मनोरे. कुणीतरी युरोपातलं शहर उचलून नेताना एक इमारत इथं विसरून गेलं की काय! भारतात जाताना आम्ही एकदा युरोपात मुक्काम केला होता, तिथलं नावाजलेलं चर्चही बघितलं होतं. तिकीट, रांग, सेल्फीच्या काठ्या. माझ्या लक्षात काय राहिलं, तर टाचा दुखल्या. इथं दारात चिटपाखरू नव्हतं. जाड लाकडी दार ढकललं आणि आम्ही आत गेलो.

काय सांगू! मी बाहेर जी चिडचिड करत होते, पार्किंग कुठं, रॅम्प कुठं, आप्पा पाय नीट टाका, ती सगळी जिथल्या तिथं थांबली. वर निळं छत आणि त्यावर सोनेरी चांदण्या. इतकं उंच, की बघताना आप्पांची कानटोपी मागं घसरून पडली. दोन्हीकडे रंगीत काचांच्या लांबच लांब खिडक्या, आणि बाहेर ऊन साधंच होतं, पण काचेतून आत येताना लाल, निळं, हळदीसारखं पिवळं होऊन बाकांवर सांडत होतं. बाक जुन्या लाकडाचे, हात ठेवायच्या जागा माणसांच्या हातांनीच गुळगुळीत झालेल्या. समोर कोरीव लाकडाची वेदी, वर वर चढत गेलेली, एकेक पान, एकेक पाकळी वेगळी. मेणाचा, जुन्या लाकडाचा आणि कुठंतरी तापलेल्या रेडिएटरचा असा मिळून एक वास. देवळात गेल्यावर माझा हात आपोआप वर घंटेकडे जातो, तसा इथंही गेला. घंटा नव्हती. मी केस सारखे केल्यासारखं केलं.

ऑर्गन वाजवणारी बाई स्वतःच पुढं आली. सत्तरीच्या आसपासची, पांढरे बॉब केलेले केस, पायात स्पोर्ट्स शूज. तिनंच सगळं फिरून दाखवलं. पोलंडमधून आलेल्या लोकांनी हे चर्च बांधलं. तिचे पणजोबा त्यातलेच. दिवसभर ओतशाळेत लोखंड ओतायचे आणि सुट्टीच्या दिवशी इथं येऊन विटा वाहायचे. स्वतःची घरं लाकडाची, दोन खोल्यांची, त्यात पोरंबाळं, भाडेकरू, आणि देवासाठी मात्र हे. खिडक्यांच्या खाली देणगी देणाऱ्यांची नावं होती, त्यांच्याच भाषेत. आता त्यातली कुणाचीच नातवंडं ह्या गल्लीत राहत नाहीत, पण रविवारी लांबून गाड्या घेऊन येतात, म्हणाली.

मला आमच्या मंदिराची आठवण झाली. आम्हीही इथं येऊन आपल्या देवाला घर बांधलं, वर्गण्या काढल्या, सगळं केलं. पण आमची सगळ्यात मोठी भांडणं झाली ती पार्किंग किती गाड्यांचं ठेवायचं ह्यावरून. ह्या माणसांनी मान मोडेपर्यंत वर बघावं असं छत केलं, आणि ते खाली उभं राहून बघायला त्यांना आठवड्यातला एक दिवस मिळायचा. खरंच हात जोडावेत असे लोक. मी जोडलेही, कुणी बघत नाही असं बघून.

आप्पा मात्र मागं वळून उभे होते. आम्ही आलो त्या दाराच्या वर एक माडी होती आणि तिथं भिंतभर नळ्या. पितळेसारख्या, चांदीसारख्या, बोटाएवढ्यापासून ते टेलिफोनच्या खांबाएवढ्या. आप्पांचं तोंड उघडं.

“हा?” ते म्हणाले.

“हाच.”

“तू मला चर्च बघायला आणलंस.”

“हो, चर्चच आहे ना हे?”

त्यांनी काठी माझ्या दिशेनं उगारली. कितीतरी महिन्यांनी ते माझ्यावर रागावले होते. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

बाई वर गेली आणि वाजायला लागलं. आधी एकच बारीक सूर, बासरीसारखा. मग त्याच्याखाली दुसरा, तिसरा, आणि मग एकदम सगळं चर्चच वाजायला लागलं. बाक थरथरले. माझ्या बरगड्यांच्या आत काहीतरी हललं. आप्पा बाकावर बसलेले, डोळे मिटलेले, दोन्ही हात मांडीवर, आणि त्यांची बोटं चालली होती. मी ती बोटं बघत होते आणि मनात म्हणत होते, देवा, आता काहीही कर, पण ह्यांना वर घेऊन चल.

वर जायला गोल जिना होता. अरुंद, लाकडी, कठडा एकाच बाजूला. आमच्या घरात वरच्या मजल्यावर चला म्हटलं तर “मला काय करायचंय वर” म्हणणारा हा माणूस जिन्याच्या तोंडाशी उभा राहिला, त्यानं काठी माझ्या हातात दिली आणि पायरीवर पाठमोरा बसला. बसत बसत, ढुंगणावर, एकेक पायरी मागं सरकत वर निघाला. मी खालून डावा पाय उचलून पुढच्या पायरीवर ठेवत होते. कोट धुळीनं माखला. मध्ये एकदा थांबले, धापा टाकत मला म्हणाले, “हसू नकोस.” मी हसत नव्हते हो. मी रडायच्या बेतात होते.

वर गेल्यावर बाईनं स्पोर्ट्स शूज काढलेले दिसले. तिच्या पायात आता पातळ तळव्यांचे वेगळे बूट होते, फक्त ऑर्गनसाठी ठेवलेले. आप्पांनी पसंतीची मान हलवली. “वाद्याचा मान ठेवते,” मला म्हणाले. आणि स्वतःचे बूट-मोजे काढायला लावले. अनवाणी बाकावर जाऊन बसले, पट्ट्यांना हात लावून कपाळाला लावला. “फिफ्टी इयर्स, ड्रामा,” असं बाईला सांगितलं. तिला किती कळलं कुणास ठाऊक, पण तिनं हातानंच ‘वाजवा’ म्हटलं.

आप्पांनी ‘सा’वर बोट ठेवलं. आणि सवयीनं, पन्नास वर्षांच्या सवयीनं, उजवा पाय खाली दाबला.

अगंबाई! तो आवाज! रेल्वेचं इंजिन माडीवर चढल्यासारखा. आमच्या भात्याच्या फळ्या असतात तिथं ह्या ऑर्गनला पायाखाली लाकडी पट्ट्यांची अख्खी रांग होती, आणि प्रत्येक पट्टी म्हणजे एकेक सूर, तोही खांबाएवढ्या नळीतून निघणारा. आप्पा दचकले, तोल सावरायला पाय आणखी जोरात दाबला, तर शेजारचाही सूर त्यात मिसळला. खाली चर्चमध्ये फिरणारं एक जोडपं चक्क दाराकडे निघालं. मी “पाय उचला, पाय उचला!” ओरडतेय, बाई हसून हसून कठड्याला धरून वाकलीय, आणि आप्पा दोन्ही हातांनी स्वतःची मांडी वर उचलून धरून बसलेत. आवाज थांबला तरी छतात कितीतरी वेळ फिरत राहिला.

बाईनं डोळे पुसले आणि त्यांच्याशेजारी बसून समजावून सांगितलं. वारा तळघरातल्या मोटरीतून येतो, पायांचं काम वेगळं. पूर्वी मोटर नव्हती तेव्हा मागं माणसं उभी राहून दांड्यानं भाता मारायची. एक वाजवायचा आणि दुसरे वारा पुरवायचे. मी ते आप्पांना मराठीत सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि पाय बाकाच्या दांडीवर घेऊन नुसत्या हातांनी थोडं वाजवलं. एका पदाचा मुखडा, सावकाश. हात काढला तरी सूर तिथंच राहत होता, पुढचा सूर आधीच्यावर चढत होता. तेही लक्षात घेऊन ते आणखी सावकाश झाले. सुंदर वाजलं. मी म्हटलं, जमलं! इंजिनिअरिंग कशाला म्हणतात, हे!

आणि मग बाई म्हणाली, आता तुमच्यासाठी मी काहीतरी वाजवते. ती बसली, आणि तिचे पाय नाचायला लागले. अक्षरशः. टाच, चवडा, टाच, चवडा, डावा उजव्याच्या मागून, उजवा डाव्याच्या पुढून. हातांनी जेवढं वाजत होतं तेवढंच पायांनी. सत्तरीची बाई, आणि पाय सोळा वर्षांच्या पोरीचे. मी आप्पांकडे बघितलं. ते पट्ट्यांकडे बघतच नव्हते. तिच्या पायांकडे बघत होते.

वाजवून झाल्यावर त्यांनी टाळ्या वाजवल्या. मनापासून. “वंडरफुल, वंडरफुल,” म्हणाले. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, “इथंही पायच लागतात गं.” आणि मोजे मागितले.

मला स्वतःच्या मुस्कटात मारून घ्यावीशी वाटली. कुठं आणलं मी ह्यांना! पाय लागत नाहीत म्हणून आणलं, आणि जगात पायांची सगळ्यात जास्त गरज असलेलं वाद्य शोधून त्यांच्यासमोर ठेवलं. घरी होते तेव्हा निदान एक पाय गेलेला ऑर्गनवाला होते, आता जगातला थोरला ऑर्गनही हातचा गेलेला बघून परत निघाले होते. जिना ते पुन्हा तसेच बसत बसत उतरले. मी खालून त्यांचा पाय धरत गेले.

खाली आल्यावर बाईनं विचारलं, तुमचा भारतातला ऑर्गन कसा आहे? मला बोलायची इच्छा नव्हती, पण मोबाइलमध्ये फोटो होता, तो दाखवला. तिनं चष्मा वर केला, फोटो मोठा करून बघितला, आणि “या या” म्हणत निघालीच. डाव्या बाजूला एक छोटा गाभाऱ्यासारखा भाग होता, मेणबत्त्या लावायची जागा. तिथं कोपऱ्यात चादर घातलेलं काहीतरी, वर फुलदाणी. तिनं फुलदाणी उचलली, चादर ओढली.

आमचाच ऑर्गन. म्हणजे आमचा नव्हे, पण तीच कोरीव फळी, त्याच पितळी कड्या, सूर बदलायच्या त्याच गोल खुंट्या, खाली त्याच दोन फळ्या, झिजलेला गालिचाचा तुकडा ठोकलेल्या. इथं पूर्वी घराघरात असायचे, म्हणाली. एका म्हाताऱ्या बाईनं मरताना चर्चला दिला. कुणी वाजवत नाही, पण टाकवत नाही.

“ही तर आपली पायपेटी,” आप्पा म्हणाले. काठी टाकून दिली. मी धरायच्या आत स्टुलावर बसले, खुंट्या ओढल्या. कुठली खुंटी कशाची, हे बघावंही लागलं नाही. उजवा पाय फळीवर ठेवला आणि दाबला. सूर निघाला, थरथरला, गेला. पुन्हा दाबला. पुन्हा मेंढरू. डावा पाय दोन्ही हातांनी उचलून फळीवर ठेवला, दाबायचा प्रयत्न केला. कपाळावरची शीर फुगली. फळी हलली नाही.

त्यांनी पट्ट्यांवरून हात काढले. झाकणाला हात घातला.

‘झालं माझं’ हे दोन शब्द मला पुन्हा ऐकायचे नव्हते. चर्चमध्ये नाही, कुठंच नाही. माझं डोकंच फिरलं. “थांबा!” मी इतक्या जोरात म्हटलं, की बाई दचकली. “झाकण लावायचं नाही. पाय बाजूला घ्या.”

“काय करतेस?”

“भाता कोण मारणार म्हणून अडलंय ना? मी मारते.”

आणि बसले की खाली. दगडी फरशीवर गुडघे टेकून, ऑर्गनच्या पोटात डोकं घालून, दोन फळ्यांवर दोन हात. त्यांचा डावा पाय उचलून बाजूला ठेवला. आणि दाबायला लागले.

“अगं, अगं! कणीक तिंबतेस काय! फाटेल तो!” वरून आवाज आला. “हळू. एक खाली गेला की दुसरा वर. अर्धवट सोडू नकोस. पूर्ण दाब. हां. घाई कुणाला आहे?”

“मग नीट सांगा ना!”

“सांगतोय की. आणि तोंड बंद ठेव. बोललीस की हात थांबतो.”

महिनोन्महिने ज्या माणसानं “बरंय”पलीकडे शब्द काढला नव्हता, तो माझ्या डोक्यावर बसून मला फैलावर घेत होता. मी तोंड बंद ठेवलं. एक खाली, एक वर. एक खाली, एक वर. धूळ नाकात जात होती. आत कुठंतरी जुनं कातडं कुरकुरत होतं. आणि मग मला हातांना ते कळलं. आत वारा भरल्यावर फळी किंचित जड होते, आपल्या हाताला सामोरी येते. तेवढ्याच जोरावर ठेवायचं, कमी नाही, जास्त नाही. आप्पा एकदम बोलायचे थांबले.

सूर सरळ झाला होता.

त्यांनी तो एकच सूर कितीतरी वेळ धरून ठेवला. मग त्यांची बोटं सुटली. पद मी ओळखलं, आमच्या घरात शेकडो वेळा वाजलेलं. ते वाजवत होते ते साथीचंच, गाणाऱ्याला जागा सोडून. गाणारा जिथं तान घेईल तिथं ते थांबायचे, तो जिथं दम खाईल तिथं पुढं होऊन भरून काढायचे. गायला कुणी नव्हतं. त्याचं त्यांना काहीच वाटत नव्हतं. मला वर काही दिसत नव्हतं, त्यांच्या पँटचे दोन पाय आणि त्यातला एक, उजवा, फरशीवर ताल धरून आपटत होता, एवढंच. डोळ्यांतलं पाणी पुसायला मला हात मोकळा नव्हता, त्यामुळे ते तसंच नाकावरून ओघळू दिलं.

मागं कुणीतरी येऊन बसल्याची चाहूल लागली. मी काखेतून वळून बघितलं. एक म्हातारी मेणबत्ती लावायला आली होती. मला गुडघ्यांवर बघून तिला वाटलं असावं की इथं प्रार्थना चाललीय. तीही बिचारी बाकाच्या फळीवर गुडघे टेकून, हात जोडून, डोळे मिटून बसली.

गुडघ्यांना फरशी बोचत होती. मी काही तरुण नाही आता. दंड भरून आले, मानेला रग लागली, मनगटात कळ उठली. पण हात सोडला की सूर जाणार होता, आणि सूर गेला की वरचं झाकण. मी ते पुन्हा उघडायला लावू शकेन की नाही, मला माहीत नव्हतं. धृपद फिरून फिरून येत राहिलं. मी दाबत राहिले.

मग आप्पांनी वाकून खाली बघितलं. वाजवता वाजवताच.

“दमलीस का गं?”

“नाही,” मी म्हटलं.

“मग अंतरा घेतो.”